लाकूड होतं, रेडिओ नव्हता

हुबळीला लाकडाची कधी वाण नव्हती. पश्चिमेला दांडेली आणि हलियाळचं सागाचं रान आणि गदग रोडला रेल्वेचं वर्कशॉप. सदर्न मराठा रेल्वेने ते 1885 साली उभारलं. कंपनीचं मुख्यालय धारवाडला होतं. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेत विलीन झाली, कचेरी मद्रासला गेली आणि धारवाडच्या त्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आलं. वर्कशॉप मात्र हुबळीतच राहिलं, आणि गेली सव्वाशेहून जास्त वर्षं या गावातल्या घराघरांत कोणी ना कोणी तिथे कामाला आहे. आमच्या घरात दोन पिढ्या झाल्या. वडील कॅरेज शॉपमध्ये सुतार होते आणि मी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने मापाबरहुकूम करायचो.

हे सांगायचं कारण असं की मॉडेल विमान म्हटलं की आपल्याकडे लोकांना ते पैसेवाल्या मुलांचं परदेशी खेळणं वाटतं. निवृत्तीनंतर मी एक मोठं रेडिओ कंट्रोलचं विमान बांधलं, लाकडी किटवरून, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी नातवासाठी का, म्हणून विचारलं. पण या छंदाचा इतिहास पाहिला तर त्यात लागणारं बहुतेक सगळं कसब आमच्या गावात आधीपासून होतं. एक गोष्ट सोडून. त्या एका गोष्टीपायी आमच्यासारख्यांची दोन पिढ्यांची हौस वाया गेली, असं माझं मत आहे.

आधी लाकडाचं पाहू. वडिलांच्या काळात मीटरगेजचे पुष्कळ डबे लाकडी अंगाचे होते. खाली लोखंडी सांगाडा आणि वर सागाच्या खांबांचा पिंजरा. त्यावर फळ्या, आणि छतावर कॅनव्हास ताणून पांढऱ्या शिशाच्या रंगाचे थर. पाणी आत येऊ नये आणि कापड ढिलं पडू नये, म्हणून ते ताणायलाही वेगळा हात लागे. सुताराचं माप सुताचं होतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. विमानाचं किट उघडलं तेव्हा आतल्या फळ्या अर्ध्या सुताच्या, पाऊण सुताच्या आणि एक सुताच्या निघाल्या. नकाशावर सगळं इंचात लिहिलेलं होतं आणि मला वाचायला अडचण आली नाही. 1955 साली पेरांबूरला कोच फॅक्टरी सुरू झाली, पोलादी डबे येऊ लागले आणि हळूहळू कॅरेज शॉपमधला रंधा मागे पडून वेल्डिंग पुढे आलं. हुबळीतल्या सुतारांनी तो बदल सोसला, पण हातातली कला लगेच कुठे जात नाही.

डब्याचं लाकूड जड असतं आणि विमानाचं हलकं लागतं, हे खरं. पण हलक्या लाकडाचीही आपल्याकडे जुनी ओळख आहे. सावंतवाडीची रंगीत खेळणी आणि फळं पांगाऱ्याच्या लाकडाची करत. पांगारा सागाच्या निम्म्याच्या आसपास भरतो, पटाशीला मऊ लागतो आणि रंग चांगला धरतो. हुबळीपासून जवळच कलघटगी आहे. तिथल्या पाळण्यांवर चितारी रामायण-महाभारतातली चित्रं काढतात, आणि असा पाळणा लेकीच्या पहिल्या बाळंतपणात माहेरी आणण्याची इकडे हौस आहे. पाळण्याचं लाकूड हलकं नसतं, पण त्याचं गणित विमानाचंच असतं. चारही दोऱ्यांवर भार सारखा यायला हवा, नाहीतर पाळणा एका अंगाला झुकतो. लाकूडकाम, रंगकाम आणि तोल या तिन्ही गोष्टी जाणणारे कारागीर अशा रीतीने एका तासाच्या टापूत होते.

विमानाचं लाकूड म्हणजे बाल्सा. ते झाड दक्षिण अमेरिकेतलं, आणि जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. झाड भराभर वाढतं आणि पाच-सात वर्षांत तोडणीला येतं. एक घनफूट साग साधारण 18 किलो भरतो, तर मॉडेलसाठी निवडलेला बाल्सा चार किलोच्या आसपास. एकाच झाडाच्या फळ्यांतही फरक असतो, म्हणून जाणकार फळी हातात घेऊन आधी वजन करतो आणि मग ती कुठे लावायची ते ठरवतो. जड फळी नाकाकडे, हलकी शेपटाकडे आणि दोन पंखांना सारख्या वजनाची जोडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी मॉस्किटो हे लढाऊ विमान बाल्साच्या गाभ्यावर प्लायवूड चिकटवून बांधलं, आणि हौशी लोकांच्या वाट्याला पुठ्ठा आणि पाइन आला. अलीकडे 2020 च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी बाल्साची मागणी एवढी वाढली की भाव कडाडले. आम्ही गदगकडे जाताना डोंगरावरच्या पवनचक्क्या पाहून तोंड वाकडं करतो, ते त्यामुळे.

मॉडेल विमानाचा इतिहास खऱ्या विमानापेक्षा जुना आहे. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान लोकांसमोर उडवलं. ते 11 सेकंद हवेत राहिलं आणि साधारण 40 मीटर गेलं. राइट बंधूंच्या बत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. शेपटाच्या कोनाने विमान आपोआप तोल सांभाळतं, हे पेनोने दाखवून दिलं आणि आजही प्रत्येक किटमध्ये तेच तत्त्व आहे.

राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं, राइट बंधूंच्या चार वर्षं आधी. लक्ष्मणराव पुढे नांगराकडे वळले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. या मुलखाला नांगर जास्त गरजेचा होता, आणि त्यांचा निर्णय बरोबरच होता. पण यंत्राची बुद्धी आणि हाताचं काम एकाच माणसात इकडेही होतं, एवढं त्यातून दिसतं.

मराठी माणसासमोर विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव येतंच. 1895 मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला देतात, त्याची तपासणी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं त्यांनी आकडेमोडीसह लिहिलं. मी पॅटर्न शॉपचा माणूस. ज्या वस्तूचा मापासकट नकाशा नाही ती वस्तू माझ्या लेखी झालेलीच नाही.

मापासकट नकाशा काढणारा मराठी माणूस वेगळा होता आणि त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले, जन्म 1908. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे वायुगतिशास्त्रातलं जगातलं पहिल्या रांगेतलं नाव. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. तिथे पहिलं विमान जोडलं गेलं ते अमेरिकेतून सुटे भाग आणून, हार्लो जातीचं, 1941 मध्ये. म्हणजे देशाच्या विमान उद्योगाचा श्रीगणेशाही किट जोडूनच झाला. घाटगे त्या कंपनीत गेले आणि त्यांच्या हाताखाली आखलेलं एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांचं विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. भारतात आखलेलं आणि बांधलेलं ते पहिलं इंजिनाचं विमान. घानाच्या हवाई दलानेही ते घेतलं. मग 1958 मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आलं आणि 1964 मध्ये किरण हे जेट. तळपद्यांची गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनात होते. घाटग्यांची कुठेच होत नाही.

लाकडी विमानांचं कामही आपल्याकडे चांगलं झालं. पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग सेंटर 1950 चं. नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांनी आखलेलं रोहिणी हे दोन माणसांचं लाकडी ग्लायडर 1961 मध्ये उडालं, आणि देशभरच्या ग्लायडिंग क्लबांत पुढे कित्येकांनी त्यावर उडायला शिकून घेतलं. तेव्हा लाकडाचं विमान आपल्याला जमत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

आता त्या अडलेल्या गोष्टीकडे येतो.

जमिनीवरून रेडिओने मॉडेल विमान चालवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांना देतात. वर्ष 1937-38. त्यांच्या विमानाचं नाव गफ, पंखांचा विस्तार 8 फूट. आता ते वॉशिंग्टनच्या विमान संग्रहालयात आहे. आज हौशी माणूस लहान विमानावर शिकतो आणि मग मोठ्याकडे जातो, पण सुरुवात उलटी झाली होती. तेव्हाचा रिसिव्हर काचेच्या व्हॉल्व्हांचा असे, त्याला दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या लागत आणि तो सगळा संसार उचलायचा म्हणजे विमान मोठंच बांधावं लागे. वजनामुळे आकार वाढला. नियंत्रणही बहुतेक वेळा फक्त रडरचं, म्हणजे शेपटावरच्या उभ्या सुकाणूचं, आणि तेही पुष्कळदा पिळलेल्या रबराच्या जोरावर. रेडिओचा इशारा आला की खटका सुटे आणि रडर पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे जाई, मधलं काही नाही. काठी जेवढी हलवाल तेवढंच रडर वळेल ही सोय 1960 च्या दशकात आली.

याच्याही आधी, 1935 मध्ये, ब्रिटिशांनी क्वीन बी नावाचं खऱ्या आकाराचं विमान रेडिओवर उडवलं. ते टायगर मॉथच्या घराण्यातलं, पण धड लाकडी. स्वस्त पडावं आणि समुद्रात पडलं तर तरंगावं म्हणून. तोफखान्याने त्यावर नेमबाजी करायची, एवढाच त्याचा जन्म. अशी चारशेच्या आसपास बनली. अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी नावाच्या नटाने 1934 मध्ये हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचं दुकान काढलं, आणि त्याच नादातून युद्धात नेमबाजीची हजारो रेडिओ विमानं बनवणारा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीचा फोटो लष्करी छायाचित्रकाराने काढला. तीच पुढे मेरिलिन मन्रो झाली. हौसेतून उद्योग कसा निघतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे हौस एनसीसीमुळे आली. एनसीसीचा हवाई विभाग 1950 मध्ये मुंबई आणि कोलकात्याला एकेक स्क्वाड्रन काढून सुरू झाला, आणि एअरोमॉडेलिंग हा त्याच्या शिक्षणाचा भाग झाला. मी सत्तरच्या दशकात एनसीसीच्या एका कार्यक्रमात पहिल्यांदा इंजिनाचं मॉडेल उडताना पाहिलं. ते कंट्रोल लाइनचं होतं. म्हणजे मध्ये माणूस उभा, त्याच्या हातात मूठ, मुठीपासून विमानाच्या पंखापर्यंत दोन बारीक तारा, आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल. मूठ वर-खाली केली की विमान वर-खाली जाई. उडवणारा स्वतःच इतका फिरे की उतरल्यावर त्याला धरावं लागे.

किट आणि इंजिनं कोलकात्याहून येत. इंडियाज हॉबी सेंटर हे नाव तेव्हाच्या प्रत्येक हौशी मुलाच्या तोंडी असे. इंजिन इवलंसं, डिझेल म्हणत त्याला, पण त्यात पंपावरचं डिझेल चालत नसे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समभाग. रॉकेल रेशनच्या दुकानातलं आणि एरंडेल घाण्यावरचं. ईथरसाठी ओळखीचा केमिस्ट लागे आणि तो दहा प्रश्न विचारी. आम्ही वर्कशॉपातल्या दोघा-तिघांनी मिळून असं एक इंजिन आणवलं होतं. बाल्सा परवडत नव्हता, म्हणून पंखाच्या फासळ्या खोक्यांच्या पातळ प्लायवूडच्या आणि कडा बांबूच्या केल्या. विमान जड झालं, तरी तारांवर फिरलं. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर त्या दिवशी आमच्याभोवती जत्रा जमली होती.

मग तारा सोडून ते मोकळं का उडवलं नाही? कारण रेडिओ ठेवणं हाच गुन्हा होता. 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय कुठलंही बिनतारी यंत्र बाळगता येत नसे, आणि यंत्रात नुसतं ऐकण्याचंही आलं. धारवाडला 1950 मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झालं, घराघरांत रेडिओ आले, आणि प्रत्येक रेडिओचं लायसन्स वर्षाला पोस्टात पैसे भरून नवं करावं लागे. ती पुस्तिका आमच्या घरी देव्हाऱ्याच्या फळीवर असायची. ऐकण्याची ही गत, तर लहरी पाठवणाऱ्या ट्रान्समीटरचा परवाना थेट दिल्लीहून. त्यात परदेशी मालावर आयात परवाना आणि जकात. रेल्वेच्या पगारदाराने या दोन्ही दारांत उभं राहायचं म्हणजे मुलांच्या शाळेचे पैसे बाजूला ठेवायचे. ज्यांचे नातेवाईक परदेशात किंवा ज्यांची ओळख वरपर्यंत, त्यांना ते जमलं. बाकीच्यांनी तारांवर समाधान मानलं किंवा नाद सोडला. आमच्यातल्या एकाने ट्रान्झिस्टर उघडून स्वतःच ट्रान्समीटर जोडायचं घेतलं होतं. हात चांगला होता त्याचा. घरच्यांनी पोलिसांच्या भीतीने सगळं सामान भंगारवाल्याला दिलं.

कायद्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. युद्धाच्या आणि हेरगिरीच्या काळात सरकारला बिनतारी यंत्रांची भीती असणारच. पण 1947 नंतरही ते कुलूप तसंच राहिलं आणि खेळण्याच्या मोटारीपासून विमानापर्यंत सगळ्याला लागलं. घरातल्या रेडिओचं लायसन्स 1980 च्या दशकात गेलं. हौशी माणसाच्या हातातला ट्रान्समीटर मोकळा व्हायला 2005 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी जानेवारीत 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला आणि त्याच वर्षी 27 मेगाहर्ट्झजवळचा पट्टाही. हे वाय-फायसाठी झालं, विमानांसाठी नव्हे. पण लाभ आम्हालाही मिळाला. आधीच्या सेटांत स्फटिक बदलून चॅनेल ठरवावं लागे, आणि मैदानावर दोघांचं चॅनेल एक निघालं तर एकाचं विमान जमिनीवर. नव्या सेटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसिव्हर एकमेकांना ओळखून आपली वाट आपण शोधतात. 1933 पासून 2005 म्हणजे 72 वर्षं. वडिलांचा आणि माझा मिळून नोकरीचा काळ त्यात संपला.

म्हणून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, बांधायचं तर मोठंच. भाचा ह्यूस्टनला असतो. तो 2019 मध्ये आला तेव्हा बॅगेतून किट घेऊन आला. पायपर कब या खऱ्या विमानाचं, पाव आकाराचं. ताई म्हणाली, लाकडाचा भुसा आणायला अमेरिका कशाला पाहिजे होती? भाचा म्हणाला, "मामा, हे तयार पण मिळतं की. फोमचं. डब्यातून काढायचं आणि उडवायचं." मी म्हटलं, "बाबा, मला उडवायचं कमी आणि बांधायचं जास्त आहे."

खऱ्या कबचा पंख 10.74 मीटर. पाव आकार म्हणजे 2.69 मीटर, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. ऐंशी इंचांपुढच्या एकपंखी मॉडेलला जगभरचे हौशी लोक मोठं विमान म्हणतात, हे 106 इंच. लांबी चौथ्या हिश्शावर आली की पंखाचं क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येतं आणि वजन चौसष्टाव्या. खऱ्या कबचं भरलेलं वजन 553 किलो, त्याला 64 ने भागलं तर साडेआठ किलोच्या जरा वर. माझं विमान त्याच्या आसपासच भरलं. वेग निम्मा होतो, त्यामुळे मोठं मॉडेल हवेत खऱ्यासारखं सावकाश दिसतं. लहान मॉडेल माशीसारखं वळवळतं आणि वाऱ्याच्या झुळकीने उडून जातं. म्हणून आता रेडिओ हलका झाला तरी जाणकार पुन्हा मोठ्याकडेच वळतात.

बांधणीचा हंगाम दिवाळी ते होळी. हुबळी-धारवाडच्या पावसात बाल्सा ओल धरतो, फळी पिळते आणि कापडावर लावायचं डोप पांढरं पडतं. किटमधल्या फासळ्या लेझरने कापलेल्या होत्या. पूर्वीच्या किटांत त्या साच्याने दाबून काढत आणि अर्ध्या चुरडलेल्या निघत, असं जुने लोक सांगतात. सपाट पाट हवा म्हणून मी जुन्या फ्लश दरवाजाची फळी घेतली आणि नकाशा त्यावर पसरून वर प्लास्टिकचा कागद लावला. खालची स्प्रूसची तुळई टाचण्यांनी बसवली, त्यावर गुण्याने एकेक फासळी उभी केली आणि वरची तुळई चढवली. दोन तुळयांच्या मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साच्या पट्ट्या, कारण पंखावर भार आला की वरची तुळई दबते आणि खालची ताणली जाते. मधलं लाकूड त्या दोघींना धरून ठेवतं. डब्याच्या सांगाड्यात हेच असे, फक्त सागाचं. सरसाऐवजी पांढरा गोंद आणि घाईच्या ठिकाणी फेव्हिक्विकच्या जातीचा. इंजिनाची भिंत मात्र प्लायवूडची आणि इपॉक्सीने बसवलेली. 20 सीसीचं पेट्रोल इंजिन थरथरतं आणि कच्चा सांधा लगेच उघडा पाडतं.

कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपटाकडे एक ग्राम वाढला की नाकात तीन-चार ग्राम शिसं घालावं लागतं. म्हणून मागच्या प्रत्येक फळीला पॉलिश पेपर जास्त मारायचा आणि गोंद कमी लावायचा. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या काठापासून साधारण 10 सेंटिमीटर मागे हवा. दोन बोटांवर विमान तोलून पाहिलं तेव्हा मला कलघटगीचा पाळणा टांगणारा म्हातारा आठवला. तो दोऱ्या बांधल्यावर असाच एका बोटाने झोका देऊन एक डोळा मिटून बघायचा. कापड ताणायला मी वडिलांची रीत वापरली, मधून कडेकडे, एकदम ओढायचं नाही. छताचा कॅनव्हास ते असाच बसवत.

उडवलं नवलगुंद रस्त्याच्या बाजूला, रब्बी निघाल्यावर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने. काळी माती सुकली की तिला भेगा पडतात, म्हणून बांधाजवळची टणक पट्टी निवडली. आधी ट्रान्समीटरची शक्ती कमी करून पावलं मोजत लांब जायचं आणि रडर-एलेव्हेटर हलतात का ते पाहायचं. मग वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल हळूहळू, रडरने सरळ धरायचं. शेपूट आधी उचललं गेलं आणि मग चाकं. एका तरुण मुलाने शेजारी उभं राहून मला मदत केली, कारण या वयात बोटं डोळ्यांपेक्षा मागे राहतात. शेतकरी म्हणाला, "हे आवाज तर खऱ्याचाच करतंय की ओ."

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आजचे नियम माहीत करून घ्यावेत. ड्रोन नियम 2021 मध्ये शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या 25 किलोपर्यंतच्या यंत्राला मॉडेल मानलं आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात 120 मीटर उंचीपर्यंत मुभा आहे, पण विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ती 60 मीटरच आहे आणि त्याच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही. हुबळीचा विमानतळ गोकुळ रोडला आहे, तेव्हा शहराचा बराच भाग त्यात येतो. घराच्या गच्चीवरून उडवणं विसरा. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, त्यात जोडायचे संचही आले. सुटे भाग आणता येतात. यात मला वाईट वाटत नाही. नकाशा कागदावर मिळतो, बाल्सा फळीने विकत मिळतो आणि लेझर कापणी आता हुबळीतही होते. किट इथेच बनू शकतं.

तेव्हा हुबळी-धारवाडच्या अभियांत्रिकी कॉलेजांना माझी एक सूचना आहे. तुमची मुलं ड्रोन स्पर्धेसाठी फोम कापतात, ते कापू देत. पण वर्षातून एकदा कलघटगीचा एखादा कारागीर आणि वर्कशॉपमधला एखादा निवृत्त सुतार वर्गात बोलवा, पांगाऱ्याची आणि बाल्साची फळी शेजारी ठेवा आणि मुलांना दोन्हींच्या फासळ्या करून वजन करायला लावा. आमच्या वेळी लाकूड होतं, हात होते, पण रेडिओ कुलपात होता. तुमच्याकडे रेडिओ मोकळा आहे आणि हात अजून गावात आहेत. ते हात आता सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणून हे याच वर्षी करा.